पालक, पाल्य आणि पेला

अमरावती शहरांत बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजापेठ नांवाची वस्ती आहे. तेथील एका घराची कल्पना करावी. पतिपत्नीचें पटलें नाहीं. दोघें कायद्यानें विभक्त झालीं. मुलगा आईकडे राहिला, आणि कांहीं वर्षांनीं आईनें दुसरा विवाह केला. मुलगा आतां पंधरा वर्षांचा आहे. सुटीच्या दिवशीं तो राजापेठेंत बापाकडे येतो आणि बोलतां बोलतां सांगून जातो, कीं परवां घरीं पाहुणे जमले होते, तेव्हां काकांनीं आपल्याही हातीं एक पेला दिला, आणि 'आतां तूं मोठा झालास' असें म्हणून पाठ थोपटली. मुलाला त्यांत अभिमान वाटतो. बापाच्या पोटांत मात्र धस्स होतें. हा गुन्हा नव्हे काय? आणि असें घडलें असतां मुलाचा ताबा आपणांस मागतां येईल काय? असे दोन प्रश्न त्याच्या मनांत एकदम उभे राहतात.

आज हे दोन्ही प्रश्न एका श्वासांत विचारले जातात. परंतु मागील दीडशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर ते दोन निराळ्या वाटांनीं चालत आले असें दिसतें. ताब्याचा कायदा घरांत शिरला तो मिळकतीच्या दारानें. दारूचा कायदा आला तो दुकानाच्या दारानें. ज्याच्या हातीं पेला दिला गेला, तें मूल दोन्ही कायद्यांना फार उशिरां दिसलें. या दोन वाटा एकमेकींना कशा येऊन मिळाल्या, हें समजलें म्हणजे राजापेठेतील त्या बापाला आपल्या प्रश्नाचें स्वरूपही अधिक स्पष्ट होईल.

जुन्या काळीं मूल कुणाचें, या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें होतें. मूल कुळाचें. त्याचें आडनांव, गोत्र, श्राद्धाचा अधिकार आणि वतनवाडींतील वांटा हें सारें बापाच्या बाजूनें ठरे. आईचें प्रेम कोणी नाकारीत नसे. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण घरोघरीं होती. पण प्रेम वेगळें आणि अधिकार वेगळा, असा व्यवहार होता. सावत्रपणाची भीति लोककथांतून पुष्कळ दिसते. पण त्या कथांतून छळते ती बहुधा सावत्र आई. सावत्र बाप तेथें फारसा येत नाहीं. याचें एक कारण उघड आहे. ज्या घरांत लिहिणें-वाचणें चाले, त्यांतील बहुतेक घरांत विधवेला दुसरें लग्नच नव्हतें. मग मुलाला सावत्र बाप कोठून येणार?

कायद्यापुढें हा सावत्र बाप प्रथम उभा राहिला तो १८५६ सालीं. त्या वर्षीं हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास कायद्यानें मान्यता मिळाली. या कायद्याचा गौरव पुष्कळ झाला आहे, व तो योग्यच आहे. परंतु त्याचें तिसरें कलम क्वचितच वाचलें जातें. विधवेनें पुनर्विवाह केला, आणि मृत पतीनें मृत्युपत्रांत मुलांचा पालक नेमून ठेविलेला नसला, तर मृताचे आईबाप, आजाआजी किंवा त्याचा कोणीही पुरुष नातलग न्यायालयाकडे अर्ज करूं शके, आणि न्यायालय आईच्या ऐवजीं दुसरा योग्य पालक नेमूं शके. म्हणजे आईनें दुसरें घर केलें, कीं मुलावरील तिचा हक्क वादांत येई. परंतु याच कलमाला एक अट जोडलेली होती. मुलांच्या पोषणास व शिक्षणास पुरेशी त्यांची स्वतःची मिळकत नसेल, तर आईच्या संमतीवांचून असा पालक नेमावयाचा नाहीं. नेमावयाचा असेल तर त्या पालकानें पोषणाची व शिक्षणाची हमी दिली पाहिजे.

ही अट मोठी बोलकी आहे. मिळकत असलेल्या मुलासाठीं नातलग भांडतील, निर्धन मुलासाठीं कोण भांडणार, हें कायदा करणारांना पक्कें ठाऊक होतें. सावत्र बाप मुलाला कसें वागवील, त्याला कोणत्या संगतींत वाढवील, हा प्रश्न तेथें शब्दांनीं विचारलेलाच नव्हता. हा कायदा पुढें १९८३ सालीं रद्द झाला, कारण तोंपर्यंत त्याचें काम इतर कायद्यांनीं आपल्याकडे घेतलें होतें.

वऱ्हाडांत तर कायद्याचा हात आणखीच दूर होता. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, पण सार्वभौमत्व नांवाला निजामाचेंच राहिलें. त्यामुळें इंग्रजी मुलखाचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत. स्वतंत्र हुकमानें ते लागू करावे लागत. १९०२ च्या करारानें प्रांत कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे गेला आणि १९०३ सालीं मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला, तरी ही गुंतागुंत राहिलीच. दुसऱ्या बाजूनें, कुणबी, माळी, तेली अशा अनेक समाजांत पाटाची चाल कायद्याच्या कितीतरी आधींपासून होती. पाट लागलेल्या स्त्रीचें मूल तिच्याबरोबर जावें, कीं आजोबा-चुलत्यांकडे राहावें, हें वडीलधारी मंडळी आणि पंच ठरवीत. कोर्टाची पायरी चढणारे थोडेच. म्हणजे राजापेठेच्या आसपासच्या खेड्यांत सावत्र बाप ही नवी व्यक्ति नव्हती. नवी होती ती त्याच्या वागणुकीची चौकशी करणारी सत्ता.

सावत्र बाप म्हणजे संकटच, असेंही मानण्याचें कारण नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रांतला सर्वांत गाजलेला कौटुंबिक खटला एका सावत्र बापाच्या घरांतच वाढलेल्या मुलीचा होता. रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतांनाच वारले. त्यांच्या समाजांत पुनर्विवाहाची मोकळीक होती. आई जयंतीबाई यांनीं पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नांवें करून डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं विवाह केला. सखाराम अर्जुन हे मुंबईचे नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अकराव्या वर्षीं झालेलें मुलीचें लग्न त्या घरानेंही टाळलें नाहीं, हें खरें. पण पुढें तिला विद्येची गोडी लागली आणि पतीकडे जाण्यास नकार देण्याचें बळ आलें, तें याच घरांत. पतीनें १८८४ सालीं दावा लावला, १८८७ सालीं निकाल तिच्याविरुद्ध गेला, आणि १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग रखमाबाई इंग्लंडास गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. नातें सावत्र असतां वागणूक हितकर असूं शकते, याचा हा मराठी इतिहासांतील ठळक पुरावा आहे.

नात्याचें नांव आणि पालकाची वागणूक यांतील हा भेद कायद्याच्या भाषेंत उतरला तो १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यानें. हा कायदा आजही चालू आहे. त्याच्या सतराव्या कलमांत न्यायाधीशानें काय पाहावें याची यादी आहे. पाल्याचें वय, लिंग आणि धर्म. नियोजित पालकाचें चारित्र्य व पात्रता. त्याच्या नात्याची जवळीक. मृत आईबापांची इच्छा. आणि मुलाला स्वतःचें मत बनविण्याइतकी समज आली असेल, तर त्याचीही आवड. 'चारित्र्य' हा शब्द या यादींत आला, हें महत्त्वाचें. नातें जवळचें असलें तरी माणूस अयोग्य असूं शकतो, हें त्या शब्दानें मान्य केलें. तथापि त्याच कायद्यांत जुन्या विचाराचा खांबही तसाच उभा होता. बाप जिवंत असून न्यायालयाच्या मतें अपात्र नसेल, तर दुसरा पालक नेमूं नये, असें एकोणिसावें कलम सांगे. अपात्रता सिद्ध करणें सोपें नव्हतें. बाप दारू पितो एवढ्यावरून कोणी त्याला अपात्र ठरवीत नसे. मुलाला पाजतो काय, असें तर क्वचितच कोणी विचारी.

थोराड मुलाच्या इच्छेचा प्रश्न १९१४ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें आला. मद्रासच्या नारायणय्या यांनीं आपले दोन मुलगे ॲनी बेझंट यांच्या स्वाधीन केले होते, आणि १९१२ सालीं ते परत मिळावेत म्हणून दावा केला. त्यांतील एक मुलगा म्हणजे पुढें तत्त्वचिंतक म्हणून जगभर नांव मिळविलेले जे. कृष्णमूर्ति. मद्रासच्या न्यायालयानें बापाच्या बाजूनें दिलेला हुकूम प्रिव्ही कौन्सिलनें रद्द केला. मुलें तेव्हां इंग्लंडांत होतीं व मोठीं झालीं होतीं. त्यांचें हित आणि त्यांची इच्छा यांचा विचार टाळून त्यांना इकडून तिकडे पाठवितां येत नाहीं, हा मुद्दा त्या निकालांत पुढें आला. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे एखादी ठेव नव्हे, एवढें तरी त्यावरून उघड झालें.

येथवर ताब्याची वाट झाली. आतां दुसरी वाट, पेल्याची.

मुलाच्या ओठाला पहिली नशा पुष्कळदां परक्याच्या हातून लागत नाहीं. तान्ह्यानें रडूं नये आणि कामाला जाणाऱ्या आईला मोकळीक मिळावी, म्हणून अफूची लहानशी गोळी चाटविण्याची चाल या देशांत ठिकठिकाणीं होती. मुंबईच्या गिरणी-वस्तींत तिला बाळगोळी म्हणत, आणि १९२९ सालीं नेमलेल्या मजूर कमिशनलाही तिची दखल घ्यावी लागली. सर्दीपडशाला ब्रँडीचे दोन थेंब, हा शहाण्यासुरत्या घरांतलाही उपाय होता. सातपुड्याच्या बाजूस मोहाच्या फुलांची दारू सणाला आणि देवकार्याला लागे. लग्नांत, बारशांत आणि मयताच्या दिवसांत कित्येक समाजांत दारूवांचून पंगत पुरी होत नसे. या साऱ्या प्रसंगीं पेला देणारा हात दुष्ट नव्हता. तो मायेचा, रीतीचा किंवा पाहुणचाराचा हात होता. म्हणूनच तो अडविणें कठीण होतें.

याच वऱ्हाडांतील एका मुलानें तो हात अडविला. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं परिटाच्या घरांत जन्मलेला हा डेबूजी झिंगराजी जाणोरकर. बाप झिंगराजी दारूच्या नादानें खालावला आणि १८८४ सालीं वारला. घरदार त्याआधींच गेलें होतें. आठ वर्षांच्या डेबूला घेऊन आई सखुबाई अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापुराजवळ दापुरें येथें माहेरीं आली, आणि मुलगा मामाच्या घरीं वाढला. कोर्ट नाहीं, अर्ज नाहीं, पालकत्वाचा दाखला नाहीं. ताबा गेला तो भावाच्या घराच्या उघड्या दारानें. मामाच्या घरींही सुखाचे दिवस होते असें नाहीं. गुरें राखणें, नांगर धरणें आणि सावकाराच्या तगाद्याशीं झुंजणें हेंच त्याचें शिक्षण झालें. पण बापाच्या मरणाचें कारण तो विसरला नाहीं. पुढें लग्न होऊन पहिली मुलगी झाली, तेव्हां बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणें मांस आणि दारू यांची पंगत हवी होती. डेबूजीनें भाऊबंदांना गोड जेवण वाढलें आणि दारूला नकार दिला. नातलग रागावले, तो डगमगला नाहीं. १९०५ सालीं घर सोडून निघालेला हा मुलगाच पुढें गाडगेबाबा झाला. खराटा आणि गाडगें घेऊन त्यांनीं अर्धशतक महाराष्ट्र पायाखालीं घातला, आणि गांवोगांवच्या कीर्तनांत आईबापांना विचारलें तें हेंच, कीं दारूला पैसे आहेत, मग पोराच्या पाटीला कां नाहींत? २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें त्यांनीं देह ठेविला.

या कथेंत सावत्र कोणीच नाहीं. पेल्यानें ज्याचें घर बुडविलें तो सख्खा बाप होता, आणि ज्यानें मुलाला सांभाळलें तो मामा होता. रखमाबाईंच्या कथेशेजारीं ही कथा ठेवली, म्हणजे सख्खा आणि सावत्र या शब्दांनीं मुलाचें हित मोजतां येत नाहीं हें सहज पटतें.

मग दारूचा कायदा काय करीत होता? त्याची नजर दुकानावर होती. आबकारी हें सरकारच्या उत्पन्नाचें मोठें खातें. दारू कोणीं गाळावी, कोणीं विकावी, किती कर द्यावा, दुकान केव्हां उघडावें, यासंबंधीं नियमांचें जाळें विणलें गेलें. त्यांत बंदी असे ती विकणाराला. विकत घेतलेली बाटली घरीं आल्यावर ती कोणाच्या पेल्यांत ओतली जाते, हा सरकारचा विषय नव्हता. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत दारूबंदीचा कायदा झाला आणि प्रथमच दारू हा उत्पन्नाऐवजीं लोककल्याणाचा विषय ठरला. मादक पेयांच्या बंदीसाठीं राज्यानें प्रयत्न करावा, हें तत्त्व पुढें घटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमांतही आलें. १९५६ सालीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत गेला, आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा कालांतरानें येथेंही आला. त्यांतील परवान्याच्या नियमांप्रमाणें आज महाराष्ट्रांत बियरसारख्या सौम्य मद्याला २१ वर्षें आणि कडक मद्याला २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. पंधरा वर्षांच्या मुलाला अर्थातच कोणताही परवाना नाहीं. पण हाही हिशेब पिणाराच्या वयाचा झाला. पाजणाऱ्या वडिलधाऱ्याचें काय?

त्याचें उत्तर निराळ्या कायद्यांत शोधावें लागतें, आणि त्या कायद्याचें मूळ इंग्लंडांत आहे. १९०८ सालीं तेथें मुलांचा एक मोठा कायदा झाला. त्यांत पांच वर्षांखालील मुलाला मादक पेय देणें हा गुन्हा ठरविला. डॉक्टरच्या हुकमानें किंवा आजारांत दिलें तर तेवढी सूट. तेथील मर्यादा आजही पांच वर्षांचीच आहे. त्या कायद्याचें वारें इकडे आलें. मद्रासनें १९२० सालीं, बंगालनें १९२२ सालीं, मुंबईनें १९२४ सालीं आणि मध्यप्रांतानें १९२८ सालीं मुलांसाठीं स्वतंत्र कायदे केले. गुन्हेगार किंवा निराधार मूल तुरुंगांत न जातां सुधारगृहांत जावें, हा त्यांचा मुख्य हेतु होता. संस्थांचीं दारें उघडलीं. घराचें दार मात्र बंदच राहिलें.

हा संकोच किती चिवट होता, हें एका शब्दसमूहावरून दिसतें. २००० सालच्या बालन्याय कायद्याच्या पंचविसाव्या कलमानें मुलाला मादक पेय देणाऱ्यास तीन वर्षेंपर्यंत कैद सांगितली. परंतु दारूच्या बाबतींत त्या कलमांत 'सार्वजनिक जागीं' असे शब्द होते. बाजारांत, रस्त्यावर किंवा ढाब्यावर मुलाला दारू पाजली तर गुन्हा; दिवाणखान्यांत पाजली तर या कलमाचा हात तेथवर पोहोंचत नसे. ज्या ठिकाणीं मुलाला पेला दिला जाण्याचा संभव अधिक, नेमकें तेंच ठिकाण वगळलें गेलें होतें. विसाव्या शतकाचा शेवट आला, तरी कायदा उंबरठ्यापाशीं थबकून उभा होता.

२०१५ च्या बालन्याय कायद्यानें तो उंबरठा ओलांडला. हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून अमलांत आला. त्याच्या सत्त्याहत्तराव्या कलमांतून 'सार्वजनिक जागीं' हे शब्द गेले. अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला मादक पेय, अंमली पदार्थ किंवा तंबाखूचे पदार्थ देणें अथवा देवविणें हा आतां गुन्हा आहे. सूट आहे ती केवळ योग्य वैद्याच्या हुकमाची. शिक्षा सात वर्षेंपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. देणारा दुकानदार असो, शेजारी असो, सावत्र बाप असो वा सख्खा बाप असो, कलमाला भेद ठाऊक नाहीं. राजापेठेतील बापाच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें सरळ आहे. होय, तो गुन्हा आहे. आणि हें उत्तर इतकें स्पष्ट होऊन फार वर्षें झालेलीं नाहींत.

दुसरा प्रश्न इतका सरळ नाहीं. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें नैसर्गिक पालक कोण हें सांगतांना स्पष्ट केलें, कीं बाप या शब्दांत सावत्र बाप आणि आई या शब्दांत सावत्र आई येत नाहीं. म्हणजे काकांना त्या मुलावर पालकत्वाचा अधिकार मुळीं नाहींच. ताबा आहे तो आईचा, आणि प्रश्न उठतो तो तिच्या देखरेखीचा. याच कायद्याच्या तेराव्या कलमांत १८५६ पासून चालत आलेल्या वादाचा निकाल एका वाक्यांत आहे. मुलाचें हित हेंच सर्वांत वरचें. आईनें पुनर्विवाह केला एवढ्यावरून ती अपात्र ठरत नाहीं, असें न्यायालयांनीं अनेकदां सांगितलें आहे. १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दोन गोष्टी निःसंदिग्ध केल्या. मुलें ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हे. आणि ताब्याचा हुकूम कधींही अखेरचा नसतो, परिस्थिति बदलली तर तो बदलतां येतो.

दोन्ही वाटा येथें एकत्र येतात. पेला हा आतां केवळ फौजदारी विषय राहत नाहीं. मुलाचें हित मोजण्याच्या तराजूंत तोही एक वजन म्हणून पडतो. पण एकटा पेला पारडें खालीं नेईलच असें नाहीं. न्यायाधीश विचारील, कीं हें एकदां घडलें कीं घरची रीतच आहे? आईला ठाऊक होतें काय, आणि ठाऊक झाल्यावर तिनें काय केलें? मुलाचा अभ्यास, झोंप, मित्र, वागणूक यांत कांहीं बदल झाला काय? घरांत दारूबरोबर भांडण किंवा मारहाण आहे काय? बापाचें स्वतःचें घर कसें आहे? आणि मुलाची इच्छा काय? पंधरा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश आपल्या दालनांत एकटा बोलावून बोलूं शकतो. आई दक्ष असेल आणि चूक पुन्हां होणार नाहीं असें दिसलें, तर मुलाला उपटून दुसरीकडे लावण्यापेक्षां न्यायालय अटी घालूं शकतें: मुलासमोर मद्यपान नको, भेटीचे दिवस वाढवावेत, अमुक काळानें पुन्हां पाहावें. उलट, रोजचीच बैठक असेल आणि आई डोळे मिटून बसली असेल, तर ताबा बदलण्यास तें सबळ कारण होऊं शकेल.

या ठिकाणीं एक धोकाही सांगितला पाहिजे. कायद्यानें बापाच्या हातीं मोठें शस्त्र दिलें आहे, आणि जुन्या संसाराचा राग मनांत असला कीं शस्त्र उगारण्याचा मोह होतो. मुलाकडून तोच प्रसंग दहा वेळां वदवून घेणें, काकांच्या घरीं पाळत ठेवण्यास त्याला सांगणें, आईविरुद्ध त्याला साक्षीदार बनविणें, यानेंही मुलाचें अहितच होतें, आणि अनुभवी न्यायाधीशाच्या नजरेंतून तें सुटत नाहीं. ज्यानें विश्वासानें आपल्या बापाला गोष्ट सांगितली, त्याला ती सांगितल्याचा पश्चात्ताप होऊं नये. मुलाशीं शांतपणें बोलावें. मग त्याच्या आईशीं बोलावें. तिनें ऐकलें नाहीं, किंवा मुलाच्या जिवाला धोका दिसला, तर वेळ न दवडतां बालकल्याण समितीकडे किंवा कौटुंबिक न्यायालयाकडे जावें. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनि कोणत्याही वेळीं खुला असतो.

एकेकाळीं या शहरांत अशा मुलासाठीं कोणी अर्ज केलाच, तर मिळकत किती, हा प्रश्न आधीं निघाला असता. त्यानंतरच्या काळांत, पेला रस्त्यावर दिला कीं घरांत, असें विचारलें गेलें असतें. आज दोन्ही प्रश्न मागें पडले आहेत, आणि त्या मुलाचें काय होणार, हा एकच प्रश्न पुढें उरला आहे. शेंडगांवच्या डेबूसाठीं तो प्रश्न विचारणारें न्यायालय नव्हतें. त्याच्या आईनें तो स्वतःला विचारला, आणि मुलाचा हात धरून ती दापुऱ्याची वाट चालूं लागली. राजापेठेतील मुलासाठीं कायदा उभा आहे, हें भाग्य खरें. परंतु कायद्याकडे जाण्यापूर्वीं तो प्रश्न आईनें, बापानें आणि त्या काकांनींही आपापल्या घरीं बसून एकदां विचारावा. तिघांचें उत्तर एक आलें, तर कोर्टाची पायरी चढण्याची गरज बहुधा पडणार नाहीं.